ईर्षेचा कॉल, हिशेबाचा कॉल

आज एकच प्रश्न घेऊ. पोकरचा डाव शेवटाला आलाय, मधली पाचही पानं उघडी आहेत. तुम्ही चिप्स लावल्यात आणि समोरच्यानं त्या वाढवल्या, म्हणजे रेझ केलं. आता तेवढ्या भरून त्याची पानं बघायची, की आपली खाली टाकायची? तीन पत्ती खेळलेल्यांना 'शो' मागायचा क्षण आठवेल. तसाच हा.

मी चिप्स म्हणतोय, रुपये नाही. आपल्याकडे जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेनं २०२५ मध्ये केला. आपल्याला यातलं फक्त गणित हवंय.

आधी किंमत बघा. मधे २००० चिप्स होत्या. तुम्ही १००० लावल्या, त्यानं ४००० केल्या. आता मधे ७००० आहेत आणि तुम्हाला आणखी ३००० भरायच्यात. जिंकलात तर ७००० येणार, हरलात तर ३००० जाणार. असा डाव दहा वेळा आला आणि तीनदा जिंकलात, तर २१ हजार आले. सातदा हरलात, २१ हजार गेले. बरोबरी. म्हणजे 'माझी पानं चांगली आहेत का' हा प्रश्नच नाही. 'दहात तीनपेक्षा जास्त वेळा मी पुढे असेन का' हा आहे.

आता पानं. मधे बदामाचा राजा, बदामाची नव्वी, किलवरची सत्ती, इस्पिकची दुर्री, चौकटची तिर्री. तुमच्या हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा. राजाची जोडी झाली, छान वाटतं. पण तुम्हाला हरवणारी कुठली पानं घेऊन तो वाढवेल? हातात नव्व्यांची जोडी असेल, तर शिल्लक तीन नव्व्यांतून दोन निवडायचे तीन प्रकार. सत्ती, तिर्री, दुर्रीचेही तीन-तीन. झाले १२. शिल्लक राजे दोनच, त्यांची जोडी एका प्रकारे. राजा-नव्वी, दोन गुणिले तीन, सहा प्रकारे. एकूण १९. किरकोळ प्रकार सोडून देऊ.

म्हणजे त्याच्याकडे नुसता ब्लफ किती प्रकारे असायला हवा? आठ असतील तर २७ पैकी ८, तीस टक्क्यांना जरा कमीच. नऊ असतील तर २८ पैकी ९, भागतं. हे नऊ येणार कुठून? हातात बदामाची दोन पानं घेऊन पाचव्या बदामाची वाट बघत बसलेला, ते आलंच नाही, असा गडी. तशा जोड्या नऊपेक्षा खूप आहेत. पण त्या फसल्यावर वाढवायची छाती त्याची आहे का? समोरच्या माणसाला ओळखायचं ते इथं. संध्याकाळभर ज्यानं एकदाही रिकाम्या हातानं वाढवलं नाही, तो आज अचानक वाढवत नसतो. पानं टाका. दर दोन डावांना ब्लफ करणारा असेल, तर भरा आणि बघा.

हे सगळं कळूनही आपण चुकतो, कारण आपण कोल्हापूरकर. (हशा) शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच बघितलेल्यांना ईर्षा समजावून सांगायला नको. समोरच्यानं वाढवलं की आपल्याला वाटतं, ह्यानं मला आव्हान दिलं. मग 'एवढे घातलेत, आता मागं कशाला' म्हणत ३००० सरकवतो. पण आधी लावलेले १००० आता तुमचे राहिलेलेच नाहीत. ते मधल्या ढिगात गेले, तिथं त्यांच्यावर नाव नाही. भरा किंवा टाका, ते परत खिशात येत नाहीत. निर्णय फक्त पुढच्या तीन हजारांचा आहे.

आणि एक. कॉल केला आणि हरलात, म्हणजे निर्णय चुकला असं नाही. हिशेब बरोबर असूनही दहात सहा-सात वेळा हरणारच, हे आपण आत्ताच मांडलं. तसंच ईर्षेनं भरून जिंकलात, तरी ते शहाणपण नव्हे. त्या जिंकण्याची चटक लागते, आणि पुढच्या दहा डावांत ती सगळं वसूल करते. म्हणून डाव संपल्यावर निकाल आठवू नका. भरताना मनात आकडा होता की राग, तेवढं आठवा.