गावाचं न्हाणीघर

जपानच्या शिकोकू बेटावर मात्सुयामा नावाचं शहर आहे. तिथल्या दोगो भागात रोज सकाळी सहा वाजता ढोल वाजतो. तीन मजली लाकडी इमारतीच्या छपरावर लाल काचांचा एक लहानसा मनोरा आहे, त्यातून सहा ठोके ऐकू येतात आणि खाली दार उघडतं. दाराशी रांग आधीच लागलेली असते. त्यात आसपासची वयस्कर माणसं असतात, काखेत टॉवेल, हातात साबणाची टोपली. मध्येच एखादा प्रवासीही असतो. ढोल दुपारी बाराला पुन्हा वाजतो, संध्याकाळी सहाला तिसऱ्यांदा. जपानच्या पर्यावरण खात्याने 1996 मध्ये देशातले जपावेत असे 100 ध्वनी निवडले, त्यांत हा ढोल आहे.

ही इमारत म्हणजे दोगो ओनसेन होनकान. ओनसेन म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं स्नानस्थान. जपानमध्ये अशी ठिकाणं हजारोंनी आहेत. दोगोचं वेगळेपण असं, की देशाचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून 1994 मध्ये जाहीर झालेली ही वास्तू आजही साधं सार्वजनिक स्नानगृह आहे. ती शहराच्या मालकीची आहे, आणि तळमजल्यावर पैसे भरून कोणीही आंघोळ करू शकतं. चालू स्नानगृहाला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ही वास्तू उभी राहिली एका माणसाच्या हट्टामुळे. इसानिवा युकिया हा दोगोचा पहिला नगराध्यक्ष. जुनं स्नानगृह मोडकळीला आलं होतं. नवं बांधायचं तर शंभर वर्षांनीही कोणाला त्याची बरोबरी करता येऊ नये असं बांधू, असं त्याचं म्हणणं. खर्च होता 1 लाख 35 हजार येन, आणि त्या काळी नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षकाचा महिन्याचा पगार 8 येन. गावकरी खवळले यात नवल नाही. पण इसानिवा मागे हटला नाही. किल्ल्यांचं काम करणाऱ्या सुतारांच्या परंपरेतला साकामोतो मातहाचिरो याच्याकडे काम सोपवलं गेलं आणि 1894 मध्ये इमारत उभी राहिली. लोक यायला हवेत म्हणून पुढच्याच वर्षी दोगोपर्यंत छोटी रेल्वेही आणली. 1899 मध्ये राजघराण्यासाठी युशिनदेन नावाचा खास भाग जोडला गेला. तो आता पाहता येतो. मला मात्र त्या सोनेरी भिंतींपेक्षा खालचं दगडी टाकं मोलाचं वाटतं, कारण तिथे राजाचं काही नाही, सगळं गावाचं आहे.

रेल्वे आली त्याच 1895 साली नात्सुमे सोसेकी हा तरुण इंग्रजीचा शिक्षक म्हणून मात्सुयामाला आला. वर्षभरच राहिला, पण नव्या कोऱ्या इमारतीत आंघोळीला नेमाने जायचा. 1906 मध्ये त्याची ‘बोच्चान’ ही कादंबरी आली. तिच्यातला तरुण मास्तर टाक्यात मनसोक्त पोहतो आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर पोहायला बंदी असल्याची पाटी लागलेली पाहतो. कामिनोयु या मोठ्या स्नानकक्षाच्या भिंतीवर आज खरोखरच एक लाकडी पाटी आहे, बोच्चानने इथे पोहू नये, असं सांगणारी.

आता पाण्याबद्दल. शिकोकूवर जागता ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. आपल्या कोकणातल्या उन्हवरे, तुरळच्या झऱ्यांचं पाणीही असंच खोलवर तापलेलं. दोगोत 18 विहिरींतून पाणी उपसतात. एखाद्या विहिरीचं पाणी जेमतेम 20 अंश, तर एखादीचं 55. त्यांचं मिश्रण करून टाक्यात साधारण 42 अंशांचं पाणी सोडतात. वेगळं तापवणं नाही, साधं पाणी मिसळणं नाही. आपण कढत पाण्यात विसण घालतो, तसं इथे झऱ्यालाच दुसऱ्या झऱ्याचं विसण. हे पाणी अल्कधर्मी असतं, त्वचेला मऊ लागतं, गंधकाचा वास नाही.

या पाण्याचा भरवसा मात्र धरता येत नाही. सातव्या शतकात, 684 च्या मोठ्या भूकंपात इथले झरे आटल्याची नोंद ‘निहोन शोकी’ या जुन्या इतिहासग्रंथात आहे. 1946 च्या डिसेंबरातल्या नानकाई भूकंपानेही पाणी थांबलं होतं. गावाचं पोट ज्याच्यावर चालतं ते पाणी एका धक्क्यात जाऊ शकतं, हे इथल्या पिढ्यांनी अनुभवलंय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर इथल्या सरायांना स्वतःचं गरम पाणीच नव्हतं. श्रीमंत असो की गरीब, पाहुण्याला होनकानसारख्या सार्वजनिक स्नानगृहातच यावं लागे. युकाता हा हलका सुती किमोनो घालून संध्याकाळी रस्त्यावरून चालत येणारी माणसं आजही दिसतात, ती त्या सवयीतूनच.

आत गेल्यावर काय करायचं ते नीट सांगतो, कारण आपल्याकडची बरीच मंडळी इथे बिचकतात. स्त्रिया आणि पुरुषांचे कक्ष वेगळे असतात. कपडे सगळे काढायचे, अंतर्वस्त्रं किंवा पोहण्याचा पोशाख चालत नाही. संकोच वाटतो, पण पाचेक मिनिटंच. शेजारी बसलेले आजोबा मान घासण्यात गुंतलेले असतात, तुमच्याकडे पाहायला कोणाला वेळ नसतो. भिंतीलगत नळ आणि बुटकी स्टुलं असतात. बसून साबणाने अंग स्वच्छ घासायचं, फेसाचा थेंब राहणार नाही असं धुवायचं, आणि मग टाक्यात उतरायचं. मळ काढायचा तो बाहेर. टाक्यातलं पाणी सगळ्यांचं. केस लांब असतील तर वर बांधायचे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. बाहेर पडताना अंग पुसूनच कपडे बदलायच्या खोलीत जायचं, म्हणजे तिथली जमीन ओली होत नाही. कॅमेरा आणि मोबाइल बाहेरच.

कामिनोयुच्या टाक्याला मध्ये दगडाचा जाड दंडगोल आहे, त्याच्या तोंडातून पाणी अखंड पडत असतं. भिंतीवर जवळच्या तोबे गावच्या चिनी मातीच्या फरशा आहेत, पांढऱ्यावर निळं काम केलेल्या. त्यांवर बगळा दिसतो. पाय दुखावलेला बगळा या पाण्यात उभा राहून बरा झाला, तेव्हा माणसांना झऱ्याचा गुण कळला, अशी इथली कथा. छपरावरही तोच बगळा आहे. टाकं खोल आहे, पाणी छातीपर्यंत चढतं. बादलीतलं 42 अंश आणि गळ्यापर्यंत बुडून घेतलेलं 42 अंश यांत मोठं अंतर आहे. पहिल्या खेपेला थोडा वेळ बसा, कठड्यावर या, पुन्हा उतरा. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन जाऊ नका. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी जास्तच जपावं. जास्त पैसे भरले तर वरच्या तातामी चटयांच्या दालनात युकाता, चहा आणि खाऊ मिळतो. उघड्या खिडकीशी वारा खात तिथे बसणं हीसुद्धा या आंघोळीचीच रीत आहे.

जानेवारी 2019 मध्ये वास्तूची मोठी दुरुस्ती सुरू झाली. सगळं बंद करून काम उरकणं सोपं गेलं असतं. शहराने तसं केलं नाही. इमारतीचा एक भाग झाकायचा, दुसऱ्यात आंघोळी चालू ठेवायच्या, मग अदलाबदल. काम लांबलं, पण गावाची सकाळची आंघोळ चालू राहिली. जुलै 2024 मध्ये पूर्ण इमारत पुन्हा खुली झाली. जुनी वास्तू राखायची म्हणजे तिला कुंपण घालून तिकीट लावायचं, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. दोगोच्या लोकांनी ती मानली नाही, आणि मला त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. लाकूड वापरात राहिलं, पुसलं-घासलं गेलं, दुखणं वेळेत दिसलं, म्हणून टिकलं.

हिरोशिमाहून बोटीने मात्सुयामाला जाता येतं, आणि शहरातली ट्राम थेट दोगोपर्यंत सोडते. बहुतेक प्रवासी समोरच्या रस्त्यावरून फोटो काढून परततात. तुम्ही तसं करू नका. अंगावर टॅटू असेल तर आधी विचारून घ्या, कारण जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी त्याला हरकत घेतात. मग पूर्ण इमारत खुली झाल्यापासून जो 700 येन दर आहे तो भरा, तळमजल्यावर कामिनोयुमध्ये जा, आणि शक्यतो सकाळी सहालाच, गावकऱ्यांबरोबर.