नव्व्यांची जोडी : पोकरच्या छोट्या स्पर्धांतील एक अवघड हात

श्रावण वद्यातील सातम-आठम जवळ आली की वडोद्याच्या पोळांतून आणि सोसायट्यांतून तीन पत्तीचे डाव मांडले जातात. जन्माष्टमीला पत्ते खेळण्याची ही गुजराती रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्याही परिचयाची आहे. आपल्यापैकी अनेकांचे पत्त्यांचे शिक्षण याच शाळेत झाले. पुढे एखाद्या परिषदेच्या निमित्ताने किंवा सहलीला म्हणून गोव्यास जाणे होते, मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-नौकेवर थोड्या प्रवेशशुल्काची पोकर-स्पर्धा दिसते, आणि वाटते की पत्ते तर आपण लहानपणापासून जाणतो. हातात नव्व्यांची जोडी येते आणि येथेच जुनी सवय घात करते.

ही सवय नेमकी कोणती, ते आधी पाहू. तीन पत्तीत संभाव्य हात २२,१०० असतात. त्यांपैकी सुमारे ७४ टक्के हातांत जोडीसुद्धा नसते. नव्व्यांच्या जोडीवर मात करणारे हात जेमतेम १५ टक्के भरतात. म्हणजे समोर एकच खेळाडू असेल तर ही जोडी शंभरात सुमारे ८४ वेळा सरस ठरते. शिवाय एकदा वाटलेली तीन पाने अखेरपर्यंत तीच राहतात. अशा खेळात जोडी पाहून चाल वाढविणे योग्यच होय.

पोकरच्या 'टेक्सास होल्डेम' या प्रचलित प्रकारात मात प्रत्येकास दोनच पाने मिळतात आणि पुढे टेबलावर सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने उघडली जातात : प्रथम तीन एकदम (यास फ्लॉप म्हणतात), नंतर एक, नंतर आणखी एक. या सातांतून सर्वोत्तम पाच पानांचा हात धरायचा असतो. सुरुवातीची दोन पाने म्हणजे निदान नव्हे. ती केवळ पहिली तपासणी होय. हातात कोणतीही जोडी येण्याची शक्यता १७ त १ असते. म्हणून ती आली की आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु नव्व्या हाती असताना फ्लॉपवर दश्शी, गुलाम, राणी, राजा वा एक्का यांपैकी एखादे वरचढ पान पडण्याची शक्यता ७९ टक्के असते. दश्श्यांच्या जोडीस हे संकट ६९ टक्के वेळा येते, गुलामांच्या जोडीस ५७ टक्के वेळा आणि अठ्ठ्यांना तर ८७ टक्के वेळा. उलट, तिसरी नव्वी पडून हात खरोखर बळकट होण्याची शक्यता १२ टक्क्यांहूनही किंचित कमी, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा.

एक्क्यांच्या जोडीस विचार लागत नाही. दुर्री-सत्ती हाती आली तर टाकून द्यावयाची, तेथेही विचार नाही. खेळाडूची कसोटी लागते ती सत्तीपासून दश्शीपर्यंतच्या या मधल्या जोड्यांत. पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे, आणि माझ्या मते त्याचे खरे मर्म या मधल्या जोड्यांतच दडलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीस प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविताना तीन पत्त्यांच्या खेळापासून ती वेगळी काढली होती. पोकरच्या बाबतीत मात्र एकमत झाले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खेळाडूंना अनुकूल भूमिका घेतली; गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा १८८७ च्या जुगारविरोधी कायद्याखालील जुगारच असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, कौशल्य-नशीब हा भेद न करता, बंदी घातली. तेव्हा वडोद्यातील वाचकाने पुढील विवेचन घरी शेंगांच्या दाण्यांवर किंवा काड्यांवर पडताळून पाहावे. पैशांची स्पर्धा खेळावयाची तर गोव्यासारख्या परवानगी असलेल्या ठिकाणीच.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नव्व्यांचे मोल तीन गोष्टी ठरवितात : आपण कोठे बसलो आहोत, आपल्याजवळ चिप्स किती आहेत आणि समोरचा कोण आहे.

बसण्याच्या जागेचे महत्त्व आकड्यांनीच पटते. एका विशिष्ट प्रतिस्पर्ध्याकडे दश्श्यांपासून एक्क्यांपर्यंतची कोणतीही मोठी जोडी असण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आतच असते. नऊ जणांच्या टेबलावर प्रथम बोलावयाचे असेल, तर मागे आठ जण उरतात आणि त्यांपैकी कोणाकडे तरी अशी जोडी असण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. सर्वांनी पाने टाकली असून मागे दोघेच उरले असतील, तर हीच शक्यता पाच टक्क्यांच्या खाली येते. पाने तीच, पण पहिल्या जागेवरून सावध राहावे आणि शेवटच्या जागेवरून निःशंक बोली वाढवावी.

समोरच्या व्यक्तीचा प्रश्न आपणां वैद्यकीय व्यावसायिकांस अधिक जवळचा वाटेल. ट्रेडमिल चाचणीचा सकारात्मक अहवाल तिशीतील निरोगी स्त्रीचा असेल तर आपण त्याचा एक अर्थ लावतो, आणि साठीच्या, धूम्रपान करणाऱ्या, छातीत दुखणाऱ्या पुरुषाचा असेल तर दुसरा. अहवालाचे मोल रोगाच्या पूर्वसंभाव्यतेवर ठरते. पोकरमध्ये समोरच्याने चिप्सची सगळी रास पुढे सारणे हाही असाच एक अहवाल होय.

उदाहरण घेऊ. समोरच्याने आपल्या सर्व ८,००० चिप्स लावल्या. पॉटमध्ये आधीच्या अनिवार्य बोलींचे, म्हणजे ब्लाइंडचे, १,५०० आहेत. त्याचे आव्हान स्वीकारण्यास आपणांस ८,००० घालावे लागतील आणि एकूण पॉट १७,५०० होईल. म्हणजे तोटा होऊ नये यासाठी आपली जिंकण्याची शक्यता किमान ४६ टक्के हवी. आता समोरचा गृहस्थ अत्यंत सावध आहे, गुलामांची वा त्याहून मोठी जोडी किंवा एक्का-राजा असल्याखेरीज तो असे करीत नाही, असे धरू. मोठ्या जोडीसमोर नव्व्या शंभरात जेमतेम २० वेळा जिंकतात, एक्का-राजासमोर सुमारे ५५ वेळा. अशा जोड्या २४ प्रकारांनी येतात आणि एक्का-राजा १६ प्रकारांनी. दोहोंची सरासरी काढली की आपला वाटा ३४ टक्के निघतो. पाने टाकावीत.

परंतु तोच खेळाडू उतावळा असेल, पंजींपासूनची कोणतीही जोडी, एक्क्याबरोबर दश्शी वा अधिक, किंवा राजा-राणी हातात आली तरी सर्वस्व लावणारा असेल, तर आपला वाटा ५० टक्क्यांच्या किंचित वर जातो. आव्हान स्वीकारावे. पत्ते तेच आणि किंमतही तीच असून उत्तर मात्र उलटे आहे. अर्थात हा अंदाज मागील अर्धा-पाऊण तास त्या माणसाकडे लक्ष ठेवल्याखेरीज बांधता येत नाही. आपली पाने टाकल्यानंतर भ्रमणध्वनीत डोके घालून बसणारे खेळाडू हीच माहिती गमावतात.

येथे नळाची कथा आठवते. महाभारतातील ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावर नुसती नजर टाकून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. नळ झाड तोडून मोजतो आणि संख्या जुळते. मग ऋतुपर्ण त्यास अक्षविद्या शिकवितो. त्रिफळ्यातील ज्या बेहड्याशी आपली ओळख, त्याच्याच फळांचे प्राचीन काळी फासे होत. डोळ्यांस दिसणाऱ्या थोड्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधणे ही विद्या फाशांची म्हणून सांगितलेली असली, तरी ती पोकरच्या टेबलावरही तितकीच लागू पडते.

चिप्सच्या संख्येचा प्रश्न स्पर्धेत विशेष तीव्र होतो, कारण ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात आणि स्वस्थ बसणाऱ्याची रास आपोआप झिजते. आरंभी चिप्स मुबलक असतात. तेव्हा कोणी बोली वाढविली तर नव्व्या घेऊन स्वस्तात फ्लॉप पाहावा. तिसरी नव्वी पडली तर मोठा पॉट उभा करावा, न पडल्यास आणि वरचढ पानावर दोघे-तिघे उत्साह दाखवू लागल्यास निमूट बाजूला व्हावे. साडेआठ वेळांत एकदाच यश येणार असल्याने, आपली आणि प्रतिस्पर्ध्याची अशा दोन्ही राशी त्या बोलीच्या किमान पंधरा पट असल्या तरच हा व्यवहार परवडतो. थोड्या शुल्काच्या स्पर्धांत लोक पाने सहजासहजी टाकीत नाहीत. त्यामुळे तिसरी नव्वी पडली तर पैसे चोख वसूल होतात, पण राणी पडली असता आपल्याकडेच राणी आहे असा आव आणून कोणास घाबरविण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो.

रास आटली की नियम उलटतो. अमेरिकन गणितज्ञ व बॅकगॅमनपटू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून 'एम' हे माप रूढ झाले आणि डॅन हॅरिंग्टन यांच्या पुस्तकांनी ते लोकप्रिय केले : आपल्या चिप्सना एका फेरीत द्याव्या लागणाऱ्या अनिवार्य बोलींच्या बेरजेने भागावयाचे. ८,००० चिप्स आणि ५०० व १,००० चे ब्लाइंड असतील तर 'एम' पाचाच्या थोडा वर येतो. या अवस्थेत तिसऱ्या नव्वीची वाट पाहणे म्हणजे अत्यवस्थ रुग्णास महिनाभराने यावयास सांगण्यासारखे आहे. आपल्या आधी कोणी बोली वाढविली नसेल तर सर्व चिप्स स्वतः पुढे लावाव्यात. सर्वांनी पाने टाकली तर १,५०० तत्काळ मिळतात. कोणी एक्का-राजा घेऊन आलाच तरी पारडे किंचित आपल्याकडेच झुकलेले असते. आव्हान स्वीकारणाऱ्यास जिंकण्याचा एकच मार्ग असतो, देणाऱ्यास दोन. नेमके याच वेळी नव्व्यांकडे पाहून 'जरा थांबू या' म्हणणारे सुज्ञ गृहस्थ मी अनेक पाहिले आहेत. त्यांत आपले व्यवसायबंधू बरेच.

या साऱ्या हिशेबास एक अपवाद आहे. स्पर्धेतील चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. काही छोट्या स्पर्धांत पहिल्या काही जणांस मोठ्या स्पर्धेचा प्रवेश समान बक्षीस म्हणून मिळतो. नऊ प्रवेश द्यावयाचे आहेत, दहा जण उरले आहेत, आपली रास मध्यम आहे आणि एकाजवळ एका फेरीपुरत्याच चिप्स शिल्लक आहेत, अशा वेळी मोठ्या राशीवाल्याने सर्वस्व लावले, तर नव्व्याच काय, एक्क्यांची जोडीसुद्धा टाकून देणे गणिताने योग्य ठरू शकते. पहिला आणि नववा यांचे बक्षीस तेथे एकच असते.