दारू सोडायची आहे. पण बैठकीला जायचे कसे?

भंडाऱ्यासारख्या गावात दारूच्या दुकानाची पायरी चढणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. तोच माणूस दारू सोडण्यासाठीच्या बैठकीला निघाला, की ‘कोणी पाहिले तर?’ या प्रश्नाने त्याचे पाय अडखळतात. ज्याचे पिणे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे, त्यालाही ही लाज वाटते, हे विशेष.

ही लाज किती महाग पडते, याची कल्पना आकड्यांवरून येते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले ५ कोटी ७० लाख लोक देशात आहेत, असे त्यात म्हटले आहे. मद्यपाशात सापडलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कोणते तरी उपचार मिळाले होते.

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अर्थात ‘एए’च्या बैठका या लाजेवरचाच तोडगा आहेत. शेअर बाजारात काम केलेले बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात या चळवळीचा पाया घातला. १९५७ मध्ये ती भारतात आली. प्रवेश शुल्क नाही, अर्ज नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. खोलीचे भाडे, चहा यांचा खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून निघतो. बाहेरची देणगी संघटना घेत नाही.

आधी डॉक्टर, मग बैठक

एक गोष्ट मात्र बैठकीच्याही आधी सांगायला हवी. वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. हात थरथरणे, घाम, निद्रानाश येथून सुरुवात होते. पहिल्या दोन दिवसांत फिट्स येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, भ्रम आणि ताप यांनी प्रकृती जिवावर बेतू शकते. ‘शपथ घातली आणि सुटली’ अशा कथा सांगणारे हा भाग सांगत नाहीत. अशा रुग्णाने प्रथम जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. पहिल्या काही दिवसांची ही अवस्था औषधांनी सुरक्षितपणे पार पाडता येते. बैठक हा उपचारांना पर्याय नव्हे; उपचार संपल्यावर सुरू होणाऱ्या लांबलचक दिवसांची ती सोबत आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नेही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याला असेच महत्त्व दिले.

पत्ता कोठे मिळेल?

‘एए’च्या भारतातील संकेतस्थळावर गटांची आणि संपर्काची माहिती मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या शासकीय मदत क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते. गावात कोणी ओळखेल, ही भीती फारच असेल तर पहिली बैठक नागपुरात करावी. अंतर साठेक किलोमीटर. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून गाडीही मिळते. मात्र दर आठवड्याला रोजी बुडवून नागपूर गाठणे चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणीत पाळीवर जाणाऱ्याला परवडणारे नाही. त्याच्यासाठी ऑनलाइन बैठकांचा मार्ग आहे. कोरोनाकाळात त्या सर्वत्र रुळल्या. हेडफोन लावून, नुसते ऐकत बसले तरी चालते.

प्रत्यक्ष बैठक साधारण तास-दीड तासाची असते. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला प्रार्थना होते. ती म्हटलीच पाहिजे असे नाही. मग एकेक जण पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव सांगतो. त्याला मध्येच कोणी तोडत नाही, कोणी उपदेश करीत नाही. नवख्याने गप्प बसले तरी कोणी आग्रह करीत नाही. ‘खुल्या’ बैठकीला नातेवाईकही येऊ शकतात. ‘बंद’ बैठक फक्त मद्यपींसाठी असते. प्यायची तल्लफ आली की रात्री-अपरात्री फोन करता येईल असा एक जुना सदस्य नवख्याला जोडीला मिळतो. ही व्यवस्था बहुधा भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

याचा परिणाम होतो का? २०२० मधील ‘कॉक्रेन’च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक व्यक्ती तपासल्या गेल्या. या पद्धतीकडे रीतसर वळवलेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षभरानंतरही दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिकांचा पाय पुन्हा घसरतोच. घसरलेल्याला बैठकीचे दार मात्र बंद होत नाही.

घरच्यांचे काय? जेवणात गुपचूप कालवायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ पुड्यांच्या जाहिराती आजही दिसतात. दारूची घृणा आणणारे डायसल्फिराम रुग्णाला न सांगता दिले आणि तो प्यायला, तर जीव धोक्यात येऊ शकतो. त्यापेक्षा पत्नीने, आईने स्वतःसाठी आधार शोधावा. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीची ‘अल-अ‍ॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून आहे. घरातला माणूस यायला तयार नसला, तरी कुटुंबीयांना तेथे एकट्याने जाता येते.

आपल्या गावात गट नाही, ही सबबही फार काळ टिकत नाही. ‘एए’च्या परंपरेनुसार दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र आले, तरी तो गट ठरतो. तुमसर, पवनी किंवा साकोलीत शाळेची एक रिकामी खोली आणि आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ त्याला पुरेशी आहे.