काल्पनिक राज्याचा नकाशा काढताय? आधी आपला डोंगर बघा!

वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं राज्य कुणी काढलं नाही? चार टोकदार डोंगर, एक वळणाची नदी, काठावर किल्ला. आता कादंबरी, कॉमिक्स आणि गेमसाठी असे नकाशे मन लावून काढले जातात. पण डोंगर दरवेळी टोकदारच का?

ही पद्धत आली कुठून?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या टॉल्किन यांच्या कादंबरीचा नकाशा त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर यांनी काढला. त्यात किनारा वरून पाहिल्यासारखा, तर डोंगर समोरून पाहिल्यासारखे आहेत. युरोपातल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या नकाशांची हीच तऱ्हा होती. त्यामुळे वाचकाला ते राज्य जुनं वाटतं. पुढे अनेकांनी तीच शैली उचलली आणि तिच्यासोबत तिकडचे टोकदार डोंगरही आले.

आपल्याकडचे आकार वेगळे

सह्याद्री आणि इंदूरकडचा माळवा लाव्हाच्या थरांवर थर साचून घडला. म्हणून डोंगरमाथे बरेचदा सपाट आणि कडे पायऱ्यांसारखे दिसतात. गोव्यात जांभ्याचे सडे आणि खाडीकाठची खाजणं आहेत. हैदराबादेत ग्रॅनाइटचे धोंडे एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत. ग्वाल्हेरचा किल्ला सपाट माथ्याच्या एकाकी टेकडीवर आहे. यातला एकेक आकार चार-पाच रेघांत बसवला, की तुमचं चिन्ह तयार. नकाशा कुठल्या मातीतला, हे न सांगता कळतं.

काढताना एवढं पाळा

- एका गोष्टीला एकच चिन्ह. पण त्याचे दोन-तीन नमुने ठेवा, नाहीतर शिक्के मारल्यासारखं दिसतं.
- चिन्ह नखाएवढं काढून बघा. ओळखू आलं नाही तर रेघा कमी करा.
- उजेड एकाच बाजूचा धरा. तो डावीकडून असेल तर सगळ्या डोंगरांची सावली उजवीकडे.
- शाईनं काढताना पुढचे, म्हणजे खालचे डोंगर आधी काढा. मागच्यांची रेघ त्यांच्यापाशी थांबवा.
- नद्या खाली जाताना एकमेकींना मिळतात. त्यांना फाटे फुटतात ते बहुधा समुद्राजवळच.
- नावं आधी पेन्सिलीनं लिहा. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून जागा जास्त लागते. नदीची रेघ शिरोरेषेत मिसळू देऊ नका, नावापाशी ती तोडा.

आणि सीमारेषा?

इथं मात्र जरा थांबा. नकाशातलं सगळ्यात सोपं चिन्ह म्हणजे तुटक रेघ. पण अलीकडे एक लोक, पलीकडे दुसरे, असा तिचा अर्थ वाचक घेतो. तसं नसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या रेघा नव्यानं आखल्या गेल्या. घरातली भाषा आणि सोयरीक मात्र रेघेला विचारून चालत नाही.

म्हणून काल्पनिक राज्यातही नुसती रेघ ओढून सोडू नका. ती ओलांडणारी पाऊलवाट दाखवा. दोन्हीकडची माणसं जिथं जमतात त्या बाजाराला, जत्रेला वेगळं चिन्ह द्या. फक्त किल्ले आणि राजधान्या काढल्या तर नकाशा राजाचा होतो. विहीर, नावेचा धक्का आणि बाजार आला, की तो तिथं राहणाऱ्यांचा होतो. गोष्टीही बहुतेक तिथंच घडतात.

शेवटी कोपऱ्यात चिन्हांची सूची करा. मग ती झाकून, गोष्ट न वाचलेल्या घरातल्या कुणाच्या तरी हातात नकाशा द्या. ‘हे काय आहे?’ असा प्रश्न ज्या चिन्हावर येईल, ते चिन्ह पुन्हा काढा.