गोदीतील तो शुक्रवार

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच जवळ कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. रुईच्या व्यापाऱ्याने आपल्या वखारीत अशी मांडणी कधीच होऊ दिली नसती. युद्धाच्या घाईत मात्र ती झाली.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. परंतु धोक्याचे लाल निशाण काही जहाजावर चढले नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून भीषण. ६६ अग्निशामक जवान कामावरच गेले. एकूण मृतांचा आकडा कोणी ८०० सांगतो, कोणी १,३००. शेकडो माणसांचा हिशेबच लागू नये, हे त्या दिवसाचे खरे दुःख!

मांडवीकडील धान्याची कोठारे, पेढ्या आणि बिऱ्हाडे जळाली. नुकसानभरपाईसाठी सरकारला स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. जहाजावरील सोन्याच्या विटा मात्र गोदीचा गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या.