अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर

दिल्ली-चेन्नईचा लोहमार्ग आणि गोंदियाहून गडचिरोली जिल्ह्यांतल्या वडशावरून येणारा मार्ग चंद्रपूर जिल्ह्यांतील बल्लारशा येथें एकमेकांस मिळतात. घर सुटलेलें पोर शहराची वाट धरतें, तें बहुधा अशाच एखाद्या मोठ्या स्थानकावरून. फलाटावर आठ वर्षांचें मूल एकटें दिसलें, तर आपण हळहळतों. डब्यांतली पोळी काढून देतों. पण त्याच जागीं अठरा वर्षांचा तरुण निजलेला दिसला, कीं आपला हात आधीं आपल्या सामानाकडे जातो!

समाजाची ही दृष्टि कायद्यांतही थोडीफार उतरली आहे. १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेली १०९८ ही मदतवाहिनी अठरा वर्षांखालील मुलांसाठीं आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वयें बालगृहाचा आश्रयही तेथवरच. पुढें एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय त्यांत आहे खरी. परंतु सोय असणें निराळें आणि हातीं लागणें निराळें.

अमृता करवंदे हिचेंच उदाहरण घ्या. गोव्याच्या अनाथाश्रमांत वाढलेली ही मुलगी अठराव्या वर्षीं तेथून निघून पुण्यास आली. शहरांतली पहिली रात्र तिनें रेल्वे-स्थानकावर काढली. पडेल तें काम करीत ती शिकली, राज्यसेवेच्या परीक्षेस बसली. पण आवश्यक दाखल्याअभावीं तिची निवड हुकली. ज्याला आपले आईबाप ठाऊक नाहींत, त्यानें घराण्याचा दाखला आणावा कोठून? तिनें दाद मागितली आणि २०१८ सालीं राज्य सरकारनें अनाथांसाठीं एक टक्का जागा राखून ठेवल्या.

आपल्या विदर्भांतच, अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें, शंकरबाबा पापळकर यांनीं अनाथ व अपंग मुलांना स्वतःचें नांव दिलें. अठरा वर्षें झालीं म्हणून त्यांना दूर लोटलें नाहीं. २०२४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या घरांत अठरा वर्षांचा मुलगा अजून 'बाळ'च असतो. तो नापास झाला तरी ताट वाढलेलें असतें. काकांची ओळख, आजीची माया पाठीशीं असते. शहरांत खोली मागावयास गेलेल्या त्या निराधार तरुणाला मात्र पहिला प्रश्न येतो, "घरचीं माणसें कोण?" त्या प्रश्नाला उत्तर म्हणून आपल्यापैकीं एखादें कुटुंब उभें राहिलें, एखाद्या दिवाळीस एक पान अधिक मांडलें गेलें, तर आपल्या भरल्या घराला तें खरोखर जड जाईल काय?