सुरतेचे सुतारकाम आणि मलबारचे सागवान

सुरतेच्या गोदीत तयार झालेले पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने तेथील जहाजबांधणी शतकाहून अधिक काळ सांभाळली. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे तोफांचा एकच मुख्य मजला असलेली वेगवान युद्धनौका, 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज 1812 मध्ये अमेरिकनांच्या हाती पडल्याने हे आराखडे नव्याने पाठवावे लागले होते.

ही नौका आजवर टिकली याचे मोठे श्रेय मलबारच्या सागवानाला द्यावे लागते. इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ओकमधील टॅनिक आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात व त्यांच्याभोवतीचे लाकूडही खंगते. सागात हे आम्ल अत्यल्प असून त्यातील तेलकट द्रव्ये आणि क्विनोन वर्गातील संयुगे बुरशी व वाळवी यांना दूर ठेवतात. मात्र लाकूड पोखरणारा जहाजकिडा, जो खरे तर किडा नसून शिंपल्यांच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे, त्याच्यापुढे सागही पूर्ण सुरक्षित नसतो, म्हणून पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकत. सुरतेचे कारागीर फळ्या नुसत्या शेजारी न लावता त्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवीत, आणि या घट्ट सांध्यांची वाखाणणी तत्कालीन युरोपीय प्रवाशांनीही केली आहे.

क्रिमियाच्या युद्धकाळात ही नौका पॅसिफिक ताफ्यात होती. पुढे ती प्रशिक्षणनौका झाली. 1897 मध्ये ती मोडीत निघण्याच्या बेतात असताना जॉर्ज व्हीटली कॉब यांनी विकत घेतली, ‘फूद्रॉयां’ या नव्या नावाने तरुणांच्या शिक्षणासाठी वापरात आणली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती पोर्ट्समथ येथे नौदलाच्या सेवेत होती.

1987 मध्ये ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे नेण्यात आली आणि 1990 ते 2001 या काळात तिचे पुनरुज्जीवन झाले. अशा कामात कुजलेला भाग काढताना मूळ लाकूड किती राखायचे हाच खरा पेच असतो, कारण सारेच बदलले तर उरते ती केवळ प्रतिकृती. येथे निम्म्याहून अधिक मूळ लाकूड राखले गेले, हे सागाइतकेच कारागिरांच्या संयमाचेही यश मानावे लागेल. ‘ट्रिंकोमाली’ हे मूळ नाव परत मिळालेली ही नौका आज हार्टलपूलच्या संग्रहालयात पाण्यावर तरंगत्या अवस्थेत पाहता येते.